वलगणीचे मासे आणि माझी साठ प्रश्नांची परीक्षा

परवा घरच्या ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, माणगावहून व्हिडिओ टाकला. पहिला दणकून पाऊस झालाय, बांधावरून पाणी काळ नदीकडे धावतंय आणि त्या पाण्यात उलटे चढणारे वलगणीचे मासे, अर्धी बादली भरलेली, पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म. मी एवढंच लिहिलं की दादा, गाबोळीवाले तेवढे सोडायचे होते रे. झालं! दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नाही. "तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस", "आजोबांपासून धरतोय, संपले का?" आणि एका भाच्याने विचारलं की मामा तिथे मासे धरायला खरंच परीक्षा असते का, त्यावर सगळ्यांचे हसरे इमोजी.

हो, असते. मी दिलीय. मी राहतो त्या जर्मनीतल्या बायर्न राज्यात आधी ३० तासांचा कोर्स, मग ६० प्रश्न, त्यातले ४५ बरोबर यायला लागतात, आणि पाचही विषयांत किमान ६. माशाचं शरीर, पाणी, गळ-दोरी, कायदा, सगळं जर्मनमध्ये. ऑफिसनंतर रात्री जागून केलाय अभ्यास, त्यामुळे कोणी हसलं की मला लागतं.

पहिल्या दिवशी टागेसकार्टे, म्हणजे एका दिवसाचा मासेमारीचा परवाना, घेऊन रोझेनहाइमजवळच्या एका ओढ्यावर तीन तास उभा होतो. शेवटी एक बाखफोरेले, म्हणजे ओढ्यातला ट्राउट मासा, लागली. पट्टीवर धरली तर २३ सेंटीमीटर, आणि २६ च्या खालची ठेवायची नाही. हात आधी ओले केले, कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा नंतर बुरशी लागून मरतो, गळ काढला, प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवली. कल्ले हलायला लागले, शेपटीचा एक फटका बसला आणि गेली. इतकं बरं वाटलं मला! ऑक्टोबर ते फेब्रुवारी तर तिला हातच लावायचा नाही, अंडी घालायचे दिवस. आणि ठेवायची तर खायलाच, आधी डोक्यात ठोसा देऊन बेशुद्ध करायची, मगच सुरी. पहिल्यांदा माझा हात थरथरला होता. ती २९ ची होती, गावाहून आणलेलं कोकमाचं आगळ लावून तळली.

आता मला सांगा, समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात हे आपण मानलंच ना? मग ओढ्यातल्या माशाने काय घोडं मारलंय? आणि आजोबांपासून धरतोय म्हणता तर पूर्वी टोपल्या भरायच्या असं काकी दरवर्षी म्हणते, त्याचं काय?

दादाचं उत्तर मात्र अजून डोक्यातून जात नाही. म्हणाला, वरून कारखान्याचं पाणी येतं तेव्हा अख्खी नदी पांढरी होते, उलटे मासे तरंगतात, तेव्हा तुझी पट्टी कुठे असते? माझ्या एका बादलीवरच का नजर?

याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि दुसरी गोष्ट ग्रुपवर लिहिली नाही ती इथे लिहितो. मी वलगण कधी बघितलेलीच नाही. नाना मुंबईला गिरणीत, आम्ही डोंबिवलीत, गावी मे महिन्यात जायचो आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून पावसाच्या आधीच एसटीत बसायचो. दादा मागे राहायचा. त्याच्या बादलीत माझा हात कधी गेलाच नाही. मला हेश्ट, त्सांडर, एशे हे इथले मासे सगळे ओळखता येतात, पण त्या व्हिडिओतले मासे बघून एकाचंही नाव सांगता आलं नाही.

काल दादाला पर्सनलवर मेसेज केला, बादलीत कोण कोण होतं ते सांग. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, मळे, शिंगटी, खवल, कुठला कुठल्या बांधावर चढतो, कुठला रात्री. दोनदा ऐकला. गाबोळीबद्दल तो काही बोलला नाही. मी परत विचारणार आहे.