बॅट वाचणाऱ्याचे हाल

सिनसिनाटीतल्या आमच्या शेजारच्या आजोबांचा एक ठाम समज आहे: क्रिकेटच्या देशातून आलेल्या माणसाला कुठलीही बॅट कळते. म्हणून पोटमाळ्यावर सापडलेली वडिलांची बेसबॉलची बॅट त्यांनी थेट माझ्या हातात ठेवली. "कंपनी आणि साल तेवढं काढ. बेब रूथची निघाली तर मी मासेमारीची बोट घेणार." (बेब रूथ म्हणजे बेसबॉलमधला दंतकथा झालेला फलंदाज.)

मला काय कळणार, कपाळ! माझं बालपण बॅटवर स्केचपेननं 'एमआरएफ' लिहिण्यात गेलं. ती कंपनी टायर बनवते.

इथल्या जुन्या बॅटला स्टिकर नसतो. तापलेल्या ठशानं लाकूड भाजून नाव उमटवलेलं असतं, आणि त्यातली नेमकी कामाची अक्षरं झिजतात. मधोमध लंबगोल, त्यात 'हिल', पुढे नुसता काळोख. सगळी गोम तिथेच, कारण पुढच्या नावावरून काळ ठरतो. केंटकीतल्या लुईव्हिलचा हा बॅटचा कारखाना आधी 'जे. एफ. हिलरिच अँड सन' होता, 1916 मध्ये 'हिलरिच अँड ब्रॅड्सबी' झाला.

शेवटी मी न्हाणीघरातला दिवा बंद करून बॅटवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल घासायला बसलो. टॉर्च आईकडे. ती साताऱ्याहून आराम करायला आली होती.

"आई, तिरका धर, तिरका!"

"अरे, आता ओवाळू का तिला?"

बाहेरून बायको दार वाजवत होती. कागदावर हळूहळू 'ब्रॅड्स' उमटलं, खाली 125. पण 125 पाहून नाचायचं नसतं. तो आकडा मोठ्या खेळाडूंच्या बॅटवर असतो तसा दुकानातल्या चांगल्या बॅटवरही असतो. पलीकडे पुसट सही, फक्त शेवटचं 'टी-एच' शिल्लक.

"सही आहे ना? मग त्याचीच," आई म्हणाली.

तसं नसतं. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूनं 1905 मध्ये या कारखान्याशी सहीचा करार केला, तेव्हापासून खेळाडूंच्या सह्या पोराटोरांच्या बॅटवरही भाजल्या जाऊ लागल्या. सहीवाल्या खेळाडूनं ती बॅट हातात धरली होती, असं त्यातून काही निघत नाही.

बेसबॉलमधला बडा फलंदाज हँक एरन, त्याचा किस्सा सांगतात. यष्टिरक्षकाच्या जागी बसलेला यॉगी बेरा त्याला म्हणाला, बॅट फिरव, छाप वाचता आला पाहिजे. (छाप वर ठेवला की लाकडाच्या मजबूत बाजूवर चेंडू बसतो.) एरन म्हणाला, मी इथे वाचायला आलेलो नाही. सुखी माणूस!

मग मुठीवरची जुनी चिकटपट्टी सोलली. बुडाशी ठसठशीत 34. दुकानात विकायच्या बॅटवर तिथे लांबी ठोकायचे, इंचांत.

हे आजोबांना सांगायचं राहिलंय. काल संध्याकाळी ते गॅरेजसमोर टेप धरून बोटीला जागा पुरते का बघत होते, आणि टेपचं दुसरं टोक आईनं धरलं होतं.