बेल्झ डॉक्टरवाल्या फॉरवर्डबद्दल जरा खुलासा
परत ती पोस्ट फिरतेय की जपानला पाश्चात्त्य मेडिसिन पहिल्यांदा शिकवलं जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झनी नि तिथल्या कुसात्सू गावचे गरम झरे पण त्यांनीच शोधले. अहो नाही! बेल्झ आले १८७६ ला, सीबोल्ट नावाचे जर्मन डॉक्टर १८२० च्या दशकातच नागासाकीत शिकवत होते, तोक्योत पण १८७१ पासून जर्मन डॉक्टर होतेच. आणि झऱ्यांत लोक कितीतरी शतकं डुंबतायत, पाणी एवढं कढत की लांब फळ्यांनी घुसळून निववायचं नि मग उतरायचं. बेल्झनी त्याचे औषधी गुण जगाला सांगितले, बस. बाकी माणूस भारीच हां, जवळपास २९ वर्षं राहिला, मोलकरणीचे भेगाळलेले हात बघून ग्लिसरिनचं लोशन केलं म्हणतात, जपानी त्याला 'बेरुत्सु-सुई' म्हणजे बेल्झचं पाणी म्हणतात.