ह्या वयात पोरांची पुस्तकं!

आज एका सत्यनारायणाला गेले होते. प्रसाद घेऊन पडवीत टेकले तर पिशवीतून डोकावणारं पुस्तक एका काकांनी उचललं, मागून पुढून बघितलं आणि चारचौघांत मोठ्याने, "काय गो, ह्या वयात पोरांची पुस्तकां वाचतंस?" सगळे हसले. मीपण हसले, पूजेच्या घरी काय बोलणार. पण घरी येईपर्यंत डोकं असं सणकलं की कुकर लावायच्या आधी हे लिहायला बसलेय.

काका, तुम्ही रोज संध्याकाळी ज्या सिरियली बघता त्यांच्याबद्दल मी कधी तोंड उघडलंय? तिथे गेली कित्येक वर्षं तीच सून त्याच सासूच्या दुधात काहीतरी कालवतेय. ते मोठ्यांचं, आणि हे पोरांचं?

पुस्तक कुठलं तर सुझन कॉलिन्सचं 'सनराइज ऑन द रीपिंग'. १८ मार्च २०२५ ला आलं. आमच्या देवगडात कुरियरवाला घरापर्यंत येत नाही, "ताई, स्टँडवर येऊन घेऊन जावा" असा फोन येतो, तशी गेले नि घेऊन आले. 'हंगर गेम्स' ही तिचीच आधीची मालिका, त्यात दरवर्षी चिठ्ठ्या काढून पोरं निवडतात आणि टीव्हीवर सगळ्यांदेखत एकमेकांना मारायच्या खेळात उतरवतात. ती वाचलेल्यांना हेमिच आठवत असेल, सदानकदा प्यायलेला, तिरकस. तर हा सोळाव्या वर्षीचा हेमिच. त्याच्या वाढदिवसालाच चिठ्ठ्या निघतात, खेळांचं पन्नासावं वर्ष म्हणून दरवेळच्या २४ ऐवजी ४८ पोरं, आणि जिवंत परत येणार एकच. कोण ते जुन्या पुस्तकांतून आपल्याला माहीत असतं हो! शेवट माहीत असूनसुद्धा ही कॉलिन्स बाई आपल्याला रात्री जागवते, आणि काय घडलं नि टीव्हीवर काय दाखवलं ह्यातला फरक बघून अंगावर काटा येतो. ही पोरांची गोष्ट म्हणे.

मी आणि माझी भाची, दोघींनी मिळून वाचलं. आंब्याचा सीझन, खळ्यात पेट्या भरायचं काम चाललेलं, ती पेंढा अंथरतेय, मी डागी फळ बाजूला काढतेय, आणि दर थोड्या वेळाने ती हात फडक्याला पुसून दोनचार पानं मोठ्याने वाचणार, अडलं की मी सांगणार. पानांना चीक लागलाय. एके ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, एवढे सगळे बघत बसलेत, मग कोणीच टीव्ही बंद कसा करत नाही?" माझी बहीण पेटीला खिळे मारत होती, तिचाही हात थांबला. नववीतली पोर आहे ती. असा प्रश्न मला आजवर कुठल्या मोठ्यांच्या कादंबरीने कोणाच्या तोंडून ऐकवला नाही.

मग नील शुस्टरमनचं 'ऑल बेटर नाऊ' काढलं, तेही २०२५ चंच. ह्यात साथ येते, पण जो त्यातून वाचतो तो एकदम समाधानी होतो, हाव नाही, टेन्शन नाही. आणि त्यामुळेच पैसेवाल्यांचं धाबं दणाणतं! कसली कल्पना आहे! भाची त्याच खळ्यात बसून म्हणते, "मग व्यापारी आमचो आंबो पाडून मागूचे नाय ना?" तिच्या बाबांनी हसून हसून पेटी खाली ठेवली.

बरं, मान्य, ह्या वयाच्या पोरांसाठीची निम्मी पुस्तकं एकाच साच्यातली असतात, एक मुलगी आणि तिच्यामागे दोन देखणे पोरगे. किंमतीही परवडत नाहीत. पण रद्दी काय मोठ्यांच्या कपाटात नाही?

मला खरा राग वेगळाच आहे, आता लिहिताना कळतंय. ही पोर इंग्रजीतलं अडखळत का वाचतेय? आपल्याकडे बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून येतंय, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहे, आपल्या कोकणातला पालगडचा श्याम आहे. पण त्या खळ्यातल्या प्रश्नाच्या वयाचं, आजचं, मोबाइल हातात असलेल्या पोरीचं, मराठीत दुकानात मागायला जा. दुकानदार एकतर पंचतंत्र काढतो नाहीतर थेट व्यक्तिमत्त्व विकास. चौदा ते अठरा वयाची पोरं महाराष्ट्रात राहतच नाहीत जणू. जे थोडे लोक लिहितायत त्यांची पुस्तकं देवगडपर्यंत पोचत नाहीत, आणि पोचली तरी आपण दोनशे रुपये देताना कां कू करतो, पिझ्झ्याला नाही करत.

असो, कुकरच्या शिट्ट्या राहिल्यात. फ्रेंडलिस्टीत कोणी ह्या वयासाठी मराठीत लिहीत असेल तर इनबॉक्सात पाठवा, अर्धवट असलं तरी चालेल. आम्ही दोघी वाचू. फक्त भाचीला आवडलं नाही तर ती तोंडावर सांगते, तेवढी तयारी ठेवा.