फॉरवर्डमधली बॅग घेऊन हर्णैला जाऊ नका

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन बायका लिनन घेऊन दुकानात आल्या, तेव्हाच मला शंका आली. ठाण्याच्या नौपाड्यात गावदेवीच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. मे महिन्यात आमच्याकडे लग्नाच्या ब्लाउजांची घाई असते, लिननचे कुडते कोणी टाकत नाही. तिसरीला विचारलं तर तिने मोबाईलच पुढे धरला. "उन्हाळा सरताना सहलीला जाताय? एवढंच घ्या, बाकी सगळा भार!" गुलाबी चौकट, मागे निळा समुद्र, मोठी टोपी घातलेली गोरी बाई. संध्याकाळपर्यंत तेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं, माहेरच्या ग्रुपवर आलं आणि घोडबंदरला राहणाऱ्या नणंदेच्या स्टेटसवरही चढलं.

ज्यांच्यापर्यंत ते पोचलं नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात सांगते. कपडे फक्त लिननचे, बाकी सगळ्यात उकडतं. रंग पांढरा, म्हणजे ऊन लागत नाही. एक जीन्स, ती कुठेही चालते. एक सुती ओढणी. ढगाळ असेल तर सनस्क्रीन नको, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर एरवीही नको. लावायचंच तर पन्नास नंबरचं, सकाळी एकदा. नाहीतर खोबरेल तेल, ते नैसर्गिक सनस्क्रीन. काळवंडलात तर लिंबू चोळा. आणि खाज, पुरळ, नायटा, डाग या सगळ्यांवर मिळून एकच ट्यूब.

कापडाचं मी माझ्या हाताच्या भरवशावर बोलते. कातडीचं जे बोलणार आहे ते भाचीचं. ती त्वचारोगाचं एमडी करते आहे. तिला हा फॉरवर्ड पाठवला तर तिने उत्तरात नुसता कपाळावर हात मारलेला चेहरा पाठवला.

खरा घोळ पहिल्याच ओळीत आहे. फोटोतला सरता उन्हाळा युरोपातल्या ऑगस्टचा आहे. तिथे तेव्हा ऊन उतरणीला लागतं, हवा कोरडी असते, संध्याकाळी गार वारा सुटतो. आपल्याकडे उन्हाळा सरतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ऊन तेव्हा जराही उतरलेलं नसतं. ठाण्यात मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या खांबाची सावलीच पडत नाही. तसाच दुसरा दिवस थेट जुलैअखेर येतो. मधल्या दोन अडीच महिन्यांत दुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच असतो. वर ढग, अंगाला चिकचिक. मुंबईकडे पाऊस येण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला आणि सुट्टीला गेलेल्यांचे कपडे दोरीवरच भिजले. ही आपली हवा. बॅग भरायची ती हिच्यासाठी.

आता लिनन. कापड म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. जवसाच्या खोडापासून निघणारा धागा आहे तो. हो, ज्या जवसाची आपण चटणी करतो तेच जवस. फक्त धाग्यासाठीचे वाण वेगळे, ते थंड हवेत पिकतात आणि आपल्या गिरण्या तो तंतू मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून आणतात. म्हणून खरं लिनन महाग. ते घाम पितं, लवकर वाळतं, अंगाला चिकटत नाही. पण "फक्त लिनन" म्हटलं की बाजारात काय होतं ते मी टेबलावर बघितलं. तिघींच्या कापडाच्या कडेचा एकेक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. पहिलीचा भुरुभुरु जळला, कागद जळल्याचा वास आला, राख बोटात चुरली. दुसरीचाही तसाच जळला, म्हणून त्याचा आणखी एक धागा ओला करून ताणला. तो लगेच तुटला. म्हणजे रेयॉन. कापसाचं सूत ओलं झाल्यावर उलट बळकट होतं, रेयॉन लुळं पडतं. तिसरीचा धागा जळलाच नाही, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. पॉलिस्टर! विणीत मुद्दाम जाड-बारीक धागे टाकले की लांबून लिननसारखं दिसतं, आणि दुकानदार "लिनन-लिनन" म्हणत गळ्यात मारतो.

यात चिकचिकीचा सगळा हिशोब आहे. साधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतं, लिनन बारा टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिस्टर घाम पीत नाही, तो कातडीवरच राहतो. पण नुसतं पिणंही पुरत नाही. घाम गारवा देतो तो उडून जाताना, आणि आपल्या मेअखेरच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की तो उडायला मागत नाही. मग उपयोगी पडते ती वीण आणि माप. विरळ विणीचं कापड, अंगापासून दोन बोटं सुटलेलं, काखेत मोकळं. साधं मलमल हे सगळं करतं आणि लिननच्या एका कुडत्याच्या पैशात तुमचे दोन होतात. बायका मला "जरा फिटिंगमध्ये घे" म्हणतात तेव्हा मी मेमध्ये ऐकत नाही.

सहलीच्या कपड्याला माझी एकच परीक्षा: रात्री धुतला तर सकाळी अंगात घालता येतो का? मलमल पास, लिनन पास, रेयॉन काठावर. जीन्स सपशेल नापास. गेल्या वर्षी कोकणात हर्णैच्या किनाऱ्यावर माझ्या मुलाची जीन्स सोमवारी भिजली ती बुधवारीही कमरपट्टीपाशी ओलसर होती, आणि तिला कुबट वास मारायला लागला होता. ओल्या जीन्सनं मांड्या काचतात आणि तिथल्या ओलाव्यात नायटा आनंदाने वाढतो. जीन्सच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: ऊन अडवण्यात तिच्याइतकं तगडं कापड नाही.

त्यावरूनच पांढऱ्या रंगाकडे येते. पांढरं कमी तापतं, हे खरं. पण तापणं वेगळं आणि ज्या किरणांनी कातडी काळवंडते ते वेगळे. पातळ पांढरा सुती टी-शर्ट उन्हाकडे धरा, पलीकडचा हात दिसतो. जिथून उजेड येतो तिथून तेही येतात. कापडाचं संरक्षण यूपीएफ नावाच्या आकड्यात मोजतात आणि असा टी-शर्ट सातच्या आसपास भरतो, भिजला की आणखी खाली जातो. म्हणजे समुद्रातून बाहेर आल्यावर, सगळ्यात गरज असते तेव्हा, तो जवळपास नसल्यासारखा. तेच कापड गडद निळं किंवा मेंदी रंगाचं घेतलं तर जास्त अडवतं. मी स्वतः इंडिगोचं मलमल घेते, खांद्यांना आतून दुहेरी पट्टी लावते. थोडं गरम होतं, पण खांदे सोलवटत नाहीत.

(एक राहिलंच. त्या अख्ख्या यादीत आतल्या कपड्यांचं नाव नाही. यादी करणारा बाप्या असणार. दमट हवेत सगळ्यात उशिरा वाळते ती पॅडवाली ब्रेसियर. साध्या सुती दोन जास्त घ्या आणि नायलॉनची दोरी न विसरता.)

सनस्क्रीनबद्दल एका परिच्छेदात चार चुका केल्यात. ढगांपासून सुरुवात करू. पातळ ढगांतून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ढग उष्णता अडवतात, म्हणून आपल्याला चटका बसत नाही, म्हणून आपण किनाऱ्यावर जास्त वेळ बसतो. वरून वाळू खालून किरण परतवते. आपल्याकडची माणसं हर्णैहून काळी होऊन येतात ती बरेचदा ढगाळ दिवसांतच.

सावळी कातडी. कातडीला रंग देणारं मेलॅनिन ऊन अडवायचं काम करतं, यात वाद नाही. खूप गडद त्वचेचं नैसर्गिक संरक्षण एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनवरच्या नंबरात, १३ च्या आसपास मोजलं गेलं आहे. आपण बहुतेक जण तेवढे गडद नाही. आणि आपला त्रास भाजण्याचा नाहीच, डागांचा आहे. गालांवरचे वांग, पुरळ गेल्यावर उरणारे काळे ठिपके, हे सगळं आपल्याच कातडीवर जास्त आणि जास्त दिवस टिकतं. वांगाला तर साधा दिसणारा उजेडही पुरतो. त्यासाठी भाची किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन घ्यायला सांगते, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. त्याने चेहरा पिठात बुडवल्यासारखाही दिसत नाही.

मग पन्नास नंबर, सकाळी एकदा. नंबर म्हणजे तास नव्हेत. तीसचं सनस्क्रीन नीट लावलं तर तीसातला एक भाग आत येऊ देतं, पन्नासचं पन्नासातला एक. फरक एवढाच. आणि हा आकडा प्रयोगशाळेत काढतात तो दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. घरच्या भाषेत सांगायचं तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत पट्टी काढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. आपण वाटाण्याएवढं घेतो, चोळून चोळून पसरवतो आणि पन्नासवर भरवसा ठेवतो. दर दोन तासांनी परत, पाण्यातून आलं की लगेच. शिवाय हा नंबर मुख्यतः भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांचा. काळवंडवणाऱ्या यूव्हीएसाठी बाटलीवर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं बघायची. यूव्हीए काचेतून येतात. पहाटेची जनशताब्दी धरून खिडकीत बसणाऱ्यांनी सूर्य वर आल्यावर हे आठवावं. आणि क्रीम पंधराचं, वर पावडर तीसची, म्हणजे पंचेचाळीस झालं, असं फॉरवर्डखाली कोणीतरी हिशोब करून लिहिलं होतं. तशी बेरीज होत नाही.

खोबरेल तेलाविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. आमच्या घरात ते देवापासून कढईपर्यंत सगळीकडे आहे. पण ऊन अडवायला? नळीत घालून मोजलं तेव्हा त्याचा आकडा सात-आठच्या आसपास आला होता, तोही कातडीवर नाही. किनाऱ्यावर ते अंगाला लावून बसलात तर घामाच्या छिद्रांवर झाकण, वर वाळू, आणि रात्री पाठभर घामोळं. त्यापेक्षा ते केसांत घाला. केसांत ते मुरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. खाऱ्या पाण्यात उतरण्याआधी लावून वेणी घातली तर पुढचे चार दिवस कंगवा अडत नाही.

लिंबाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी मापाला आली होती. बाही काढताना पाहिलं तर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी ओघळ, जणू कोणी चहा सांडून तसाच वाळू दिलाय. किनाऱ्यावर लिंबू पिळून हाताला चोळलं होतं आणि तशीच उन्हात फिरली होती. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात, त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते, कधी फोड येतात आणि मागे हे डाग राहतात. तिचे जायला महिने लागले. लग्नाच्या ब्लाउजला आम्ही बाही कोपरापर्यंत वाढवली ती त्यामुळे.

आणि ती ट्यूब. नाव मी घेणार नाही, अशा डझनभर आहेत आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे "खाजेची द्या" म्हटलं की हातात पडतात. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा: बुरशीवरचं एक औषध, जिवाणूंवरचं एक, आणि तिसरं क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन. हे तिसरं स्टेरॉईड आहे. ते लावल्यावर खाज दोन दिवसांत थांबते, म्हणूनच ट्यूब एका बाईकडून दुसरीकडे शिफारशीने फिरते. पण स्टेरॉईड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशी खाली निवांत पसरते. ट्यूब बंद केली की नायटा परत येतो, आधीपेक्षा मोठा, आणि त्याची गोल कडही पुसट झालेली असते, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. डाग जावेत म्हणून चेहऱ्याला लावणाऱ्या तर भाचीच्या ओपीडीत रोज येतात: गाल लाल, कातडी कागदासारखी पातळ, ऊन सहन होत नाही, हनुवटीवर लव. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉईडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातात, हे मी रोज पाहते. सहलीला न्यायची तर घामोळ्यासाठी कॅलामाइन न्या, आणि नायट्याची शंका आली तर डॉक्टर. बस.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट बरोबर आहे: सुती ओढणी. उन्हात डोक्यावर, गाडीत पांघरायला, ओल्या कपड्यांवरून गुंडाळायला. त्यात मी फक्त एक पंचा जोडेन, टॉवेलपेक्षा निम्म्या जागेत मावतो आणि तासाभरात वाळतो.

तिघींपैकी जिचं लिनन खरं निघालं त्या काकूंचा कुडता अजून कापला नाही. कापड आधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. आत्ता ते मोरीत बादलीत भिजतंय. बुधवारी या म्हटलंय. त्यांची गाडी शुक्रवारची आहे.