'साधा शेक द्या, पोझिशनिंग नको' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

'रेडिएशनमध्ये पोझिशनिंगच्या नावाखाली लूट' असा एक मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. शेक म्हणजे रेडिएशनच, आणि पोझिशनिंग म्हणजे शेक देताना पेशंटला रोज नेमक्या त्याच जागी, त्याच स्थितीत ठेवणं. मेसेजमध्ये म्हटलंय की डोकं हलू न देणारा मास्क आणि पेशंटला आधार देणाऱ्या बोर्डची गरज नसते, जागा तपासायच्या रोजच्या स्कॅनने दुसरा कॅन्सर होतो, श्वास रोखायला लावणं हे बिल वाढवायचं निमित्त आहे, नवीन कॅमेरे म्हणजे पैसे उकळायचं साधन आणि परदेशात हे सगळं कधीच बंद झालंय. शेवटी सल्ला, की डॉक्टरला ठणकावून सांगा, साधा शेक द्या. माझ्या मावशीचं डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, आता शेक सुरू होणारे, आणि हे वाचून ती फोनवर म्हणते, "ते श्वास-बिस रोखायचं मला नको, साधंच द्या म्हणून सांगते." म्हणून हे सगळं लिहायला बसलेय.

श्वासाचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करणारे. डाव्या स्तनाच्या अगदी मागे हृदय असतं. खोल श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून लांब जातं, तेवढ्या वीसेक सेकंदात मशीन चालू करायचं, श्वास सोडला की बंद. बस, इतकंच असतं ते ब्रेथ होल्ड. याने काय फरक पडतो? २०१३ साली स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ बायकांचा अभ्यास आला, त्यात हृदयाला सरासरी एक ग्रे (किरणांचा डोस मोजायचं माप) जास्त डोस गेला की हार्ट अ‍ॅटॅकसारख्या मोठ्या त्रासाचा मूळचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं, आणि तो धोका पुढे वीस वर्षं तरी राहतो. ज्या बाईला आधीच बीपी-शुगर आहे तिला 'साधंच द्या' म्हणायला शिकवणाऱ्याने हा हिशेब केलाय का?

आता बिलाचं बोलू. ब्रिटनमध्ये हार्टस्पेअर नावाचा अभ्यास झाला, तोही २०१३ चाच. डाव्या बाजूच्या २३ पेशंट, प्रत्येकीला श्वास रोखायच्या दोन्ही पद्धती दिल्या, निम्म्या सिटिंगना एक आणि निम्म्यांना दुसरी. एका पद्धतीत तोंडात नळी, नाकाला चिमटा आणि श्वास अडवणारं महागडं यंत्र. दुसरीत काहीच नाही, टेक्नॉलॉजिस्ट माइकवरून सांगणार 'श्वास घ्या, धरा' आणि कातडीवरच्या खुणा लाइटशी जुळतायत का ते बघणार. अचूकपणा सारखा, हृदय दोन्हीत सारखंच वाचलं, आणि बिनयंत्राच्या पद्धतीत पेशंटला टेबलवर लावायला वेळ कमी लागला, पेशंटना आणि स्टाफलाही तीच जास्त आवडली, खर्चही कमी. पेशंट थोड्या होत्या हे खरंय, पण प्रश्न अगदी नेमका होता. ज्या गोष्टीला हा फॉरवर्ड लूट म्हणतो ती नीट शिकवली तर यंत्राशिवाय होते. आणि वेळेचं का सांगतेय, तर लिनॅक, म्हणजे शेक देणारं मशीन, कोट्यवधींचं असतं, त्याचा खर्च निघतो दिवसात किती पेशंट झाले त्यावर, त्यामुळे कुठली पद्धत स्वस्त हे नुसत्या उपकरणाच्या किमतीवरून ठरत नाही, एका पेशंटला किती मिनिटं लागतात तेही धरावं लागतं.

कॅमेऱ्यांबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल, मनाविरुद्ध. छतावरचे कॅमेरे छातीचा आकार सतत बघतात, टेक्नॉलॉजिस्टला स्क्रीनवर लगेच कळतं की पेशंट हलली. चांगलं तंत्र आहे. पण त्यासाठी सिटिंगमागे वेगळा चार्ज लावला, तर साध्या पद्धतीपेक्षा मला नेमकं काय जास्त मिळणार हे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे आणि डॉक्टरांनी त्याचं नीट उत्तर दिलंच पाहिजे. पण किमतीवर भांडणं वेगळं आणि पोझिशनिंगच नको म्हणणं वेगळं, या मेसेजने दोन्हीची खिचडी केलीय.

मास्क. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवतात, काही मिनिटांत कडक होते, सगळ्या सिटिंगना तीच वापरतात. नसली तर डोकं हलणार, मग डॉक्टरांना गाठीभोवती जास्त मार्जिन, म्हणजे शेक बसणारी जादा कड, ठेवावं लागणार. पाच सेंटिमीटरची गोल गाठ धरा, पाच मिलिमीटरच्या मार्जिनऐवजी एक सेंटिमीटर ठेवलं तर शेक बसणारा भाग जवळपास ११३ घनसेंटिमीटरवरून १८० वर जातो, म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि वाढलेला तो सगळा भाग निरोगी असतो.

रोजच्या स्कॅनचं किरण असतं, नाही कोण म्हणतंय? पण ते मिलिग्रेमध्ये (ग्रेचा हजारावा भाग) मोजतात, आणि १५ सिटिंगच्या नेहमीच्या कोर्समध्ये एका सिटिंगचा शेक २,६७० मिलिग्रे असतो. लहान मुलांत हा डोस आणखी जपून वापरतात, ते योग्यच. स्कॅन नको म्हटलं तर काय होतं याचा अंदाज आपल्या टाटा मेमोरियलच्या ट्रायलवरून येतो, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३०० पेशंट. साध्या पद्धतीत तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा जास्त त्रास ४२.४ टक्के जणींना, आणि आयएमआरटी (किरणांचा जोर जागेप्रमाणे कमी-जास्त करायचं तंत्र) अधिक इमेज गायडन्समध्ये (स्कॅन बघून जागा जुळवणं) २१.१ टक्के. कॅन्सर आटोक्यात राहण्यात फरक नव्हता, तेवढं मान्य. पण आतडं अडकून पुन्हा अ‍ॅडमिट, पुन्हा ऑपरेशन, घरातल्या माणसाची बुडलेली मजुरी, हा खर्च शेकाच्या बिलात कधी दिसत नाही म्हणून तो होत नाही असं नाही ना.

राहिलं परदेश. तिकडे बऱ्याच ठिकाणी जागा जुळवायला कातडीवर टॅटूचे ठिपके देणं बंद केलंय, हे बरोबर. का? तर ते काम आता कॅमेरे करतात. म्हणजे ज्या कॅमेऱ्यांना मेसेज नावं ठेवतो त्यांच्यामुळेच टॅटू गेले.

बिलाची शंका असेल तर शेक सुरू व्हायच्या आधी लेखी एस्टिमेट मागा, त्यात मास्क, प्लॅनिंग सीटी (शेक कुठे द्यायचा ते ठरवायचा आधीचा स्कॅन), रोजचं इमेजिंग आणि कॅमेऱ्याचा चार्ज वेगवेगळा लिहून घ्या, आणि ब्रेथ होल्ड यंत्राशिवाय करता का हे थेट विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केस असेल तर उपचार कॅशलेस असतो, त्या पॅकेजवर कोणी वेगळे पैसे मागितले तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा आणि तक्रार लेखी द्या.