शेत बघायला हिवाळ्यात जाऊ नका

कॉलनीच्या ग्रुपवर आज पुन्हा तीच जाहिरात. 'नागपूर, काटोल रोड, संत्र्याच्या बागेत फार्महाऊस प्लॉट, निवृत्तीनंतरचं निवांत आयुष्य.' खाली अंगठ्यांची रांग, आणि सगळे दोन-चार वर्षांत रिटायर होणारे. डोकं फिरलं.

अहो, आधी सातबारा तर बघा! विदर्भात 1958 च्या कुळकायद्याचं कलम 89 आहे. शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विकणारा म्हणतो, 'सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो', म्हणजे ढीगभर खातेदारांत तुमचं एक नाव. तुमचा धुरा, म्हणजे बांध, कोणता, ते कागद सांगत नाही. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसलं तर तिथूनच वापस या. वर्ग 1 असला तरी सरकारी मोजणीआधी इसार द्यायचा नाही. एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याला शेती म्हणू नका.

ओळखीतल्या एका निवृत्त साहेबांनी नरखेडकडे वावर घेतलं, डिसेंबरात बघून. अंबिया बहाराची संत्री पिवळीधम्मक, विहीर भरलेली. त्या दिवसांत कोणतंही वावर छानच दिसतं! विहीर मे महिन्यात बघायची असते. दोराला दगड बांधून पाणी मोजा, मोटर तीन तास चालवा, पुन्हा मोजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती भरलं ते बघा. विहिरीचं खरं पाणी तेवढंच. साहेबांनी हे न करता आधी स्लॅब टाकला. पावसाळा लागला तशी पांदण काळ्या चिखलाने भरली, गाडी डांबरीवर ठेवून किराणा डोक्यावर.

आणि बाग? साहेब खोडाशी पाणी सोडायचे, माती चढवायचे, प्रेमाने. संत्र्याला त्यानेच डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागतो. कलमाचा जोड मातीपासून अर्धा फूट वर उघडा हवा. पाण्यासाठी दुहेरी आळं करा, म्हणजे आतल्या कड्यामुळे खोड कोरडं राहतं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही पाच-पाच लिटरमध्ये वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्याच बादलीत, मग एकत्र करायचं. लोखंडी विळा बुडवून बघा. तांबूस थर आला तर चुना कमी पडला. नागपुरात अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, विचारायला लाज कसली?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. साहेबांची हौस खोटी नव्हती, आणि तिकडे झोप शांत लागते, हेही मान्य. पण रानडुकरं रात्रीच येतात. सौर झटका मशीन लावा. कुंपणात घरची लाईन सोडाल तर डुकराआधी माणूस मरेल.

गडी आधी शोधा, बंगला नंतर. गड्याचं साल, म्हणजे वर्षाचा करार, गुढीपाडव्याला ठरतं. जूनमध्ये धावाधाव केली तर कामाचा माणूस कधीचाच दुसऱ्याच्या वावरात लागलेला असतो. राहायला एक खोली, वर टिन, शेजारी मोटरघर, एवढ्यावर पहिली दोन वर्षं काढा. नव्या कलमांना फळ धरायला तसंही चार-पाच वर्षं लागतात, आणि तोवर ग्रॅच्युइटीतून पैसा जातच राहणार. ज्यांनी आज अंगठे दाखवले त्यांनी हा हिशेब आधी घरी बायकोसमोर मांडावा.