श्वासावर लक्ष, डॉक्टर!

नोटीस बोर्डावरचा कागद वाचलात ना? 'निवासी डॉक्टरांसाठी तणावमुक्ती कार्यशाळा, दुपारी ४ वाजता. उपस्थिती अनिवार्य.' त्याच दिवशी आपल्या युनिटचा इमर्जन्सी डे आहे, ही तक्रार घेऊन कुणाकडे जाऊ नका. तक्रार करणं हेच तणावाचं पहिलं लक्षण, असं पहिल्याच स्लाइडवर आहे.

माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा, हा कार्यक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला. आठ आठवड्यांचा, तोही जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी. तुम्हाला तो तासाभरात उरकायचाय, कारण पाचला सभागृह दुसऱ्यांना दिलंय.

त्यात एक मनुका हातात घेऊन, निरखून, हुंगून सावकाश चावायचा असतो. आपण वडापाव घेऊ. सकाळच्या राउंडआधी घेतलेला, एप्रनच्या खिशात संध्याकाळपर्यंत मुरलेला. स्पर्श अनुभवा. वास आपोआप येईल. घास तोंडाशी नेताच कॅज्युअल्टीतून फोन येईल, त्याचाही स्वीकार करा.

श्वासासाठी वेगळी बैठक मारायला नको. व्हेंटिलेटर रिकामा नसलेल्या रात्री हाताने दाबून रुग्णाला श्वास द्यायची आंबू बॅग हातात येतेच. दर पाच-सहा सेकंदांनी एक दाब. आत... बाहेर... मन भरकटलं तर हळुवारपणे श्वासावर परत या, असं पुस्तकं सांगतात. इथे भरकटायची सोयच नाही. श्वास दुसऱ्याचा आहे. बॅग नातेवाइकाच्या हाती देऊन पुढच्या खाटेकडे वळलात, की त्याचीही साधना सुरू. फुकटात.

बॉडी स्कॅनसाठी, म्हणजे एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष नेण्यासाठी, ड्युटी रूममधल्या एकुलत्या एका कॉटवर आडवे व्हा. तिच्यावर आधीच दोघे स्कॅन करत असतील, तर जमीन आहेच. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून. गुडघ्याच्या वर कुणी जागेपणी पोचल्याचं अजून ऐकिवात नाही.

मौन हवंय? इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. पण त्याला दहा दिवस रजा लागते. तेव्हा रजा मागितल्यावर सर जे मौन पाळतात, त्यावरच भागवा.

राहता राहिला तो १९९२ चा कागद. केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत ड्युटी साधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपलीकडे नको, असं लिहिलंय. तुमचे ४८ बुधवारी सकाळीच भरतात, म्हणून तो कार्यशाळेत दाखवायचा मोह होईल. एका जेआर-टूने, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने, दाखवला होता. मार्गदर्शक मंद हसले. "विचार ढगांसारखे असतात, डॉक्टर. येतात, जातात. धरून ठेवू नका." कागद मग अधिष्ठात्यांनी धरून ठेवला.

डोळे मिटायला सांगतील तेव्हा मिटा, पण पाठ टेकू नका. मागच्या खेपेला 'आता हळूच डोळे उघडा' म्हटल्यावर निम्म्यांनीच उघडले. अहवालात 'गाढ ध्यानावस्था' अशी नोंद आहे.